बसलेली वीज

भिवंडीत ज्याचा ज्याचा म्हणून झटका बसतो, त्या सगळ्याला 'करंट' म्हणतात. उघड्या वायरला हात लागला, करंट. फ्रिजच्या दाराला बोट लागलं, करंट. थंडीत स्वेटर काढताना केस चटचटले, तरी करंटच. मीही तसंच म्हणायचे. एक शब्द चुकीच्या जागी वापरला म्हणून कुणाचं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. त्या शब्दापायी माझं मशीन हातचं जायची वेळ आली होती, म्हणून सांगते.

मी माधवी. कामतघरला राहते आणि केसरीनाथ शेठच्या कारखान्यात वार्पिंगचं मशीन चालवते. कापड विणायच्या आधी उभे धागे सरळ रांगेत एका भल्या मोठ्या रुळावर गुंडाळून द्यावे लागतात. त्या रुळाला बीम म्हणतात. मागे लोखंडी चौकटीवर तीनशे बॉबिन, त्यांतून तीनशे तारा निघतात. आमच्याकडे धाग्याला तारच म्हणतात. त्या तारा फणीतून येतात, पट्टीसारख्या होऊन ड्रमवर चढतात आणि तिथून बीमवर. एक तार तुटली की मशीन थांबवायचं, टोक शोधायचं, गाठ मारायची. नजर चुकली तर ती तार बीममध्ये हरवते आणि मग लूमवर विणणारा माझा उद्धार करतो.

आमच्या कारखान्यात बाया कांडी भरतात, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या. बाई वार्पिंगवर उभी राहिलेली कुणी बघितली नव्हती. जुने वार्पर कायमचे गावी गेले, तेव्हा 'दुसरा माणूस मिळेपर्यंत' म्हणून मला उभं केलं. त्या 'मिळेपर्यंत'चे आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मला दोन गोष्टी कळल्या. एक, मला हे काम येतं. दोन, मला हे काम फार आवडतं. तीनशे तारा एकदम सरळ धावायला लागल्या की माझ्या पोटात गार वाटतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण आवडतं म्हटलं की लोक ते काढून घेतात.

जानेवारीत सुती माल बंद झाला आणि पॉलिस्टर आलं. हवा अशी कोरडी की सगळ्यांचे ओठ फुटलेले. पहिल्याच दिवशी तारांचं डोकं फिरलं. फणीतून निघालेली पट्टी आठ बोटं रुंद हवी, ती ड्रमजवळ पोचेपर्यंत अकरा बोटं व्हायला लागली. शेजारणींचं नळावर भांडण व्हावं तशा तारा एकमेकींपासून फटकून चालायच्या. कडेच्या तर बाहेरच पडायच्या, कुठेतरी अडकायच्या आणि तुटायच्या. तुटलेलं टोक धरायला हात पुढे केला की ते आपणहून माझ्या हाताला येऊन चिकटायचं. आणि मशीनच्या हँडलला बोट लागलं की टच्! करंट.

मी मुकादमाला सांगितलं. काळूराम मुकादम माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत आधी तयार असतं. त्याने रघू वायरमनला बोलावलं. रघूने टेस्टर मशीनला लावला, दिवा पेटला नाही. मोटर उघडली, बघितली, बंद केली.

"वहिनी, लीक तर कुठंच नाय," तो म्हणाला. "म्हणजे अर्थिंगमधून उलटा येत असणार."

त्याने मशीनची अर्थिंगची वायर सोडवून टाकली. मशीनच्या चारी पायांखाली टायरचे तुकडे सरकवले. मी उभी राहते तिथे जाडजूड काळं रबर अंथरलं. "आता करंटची आई आली तरी तुमाला काय होणार नाय," असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी झटके दुप्पट झाले. आता ठिणगी डोळ्यांना दिसायची, निळी, एवढीशी. मी हँडलला हात लावायच्या आधी देवाचं नाव घ्यायला लागले. धोंडूमावशी कांडी सोडून बघायला आली, तिने मशीनला लिंबू-मिरची बांधली. "तुज्यावर कोणाची तरी नजर हाय, पोरी," म्हणाली. मी ते काढलं नाही. लिंबाने काही बिघडणार नव्हतं.

बिघडायचं ते मंगळवारी बिघडलं. एक अख्खा बीम वाया गेला. तो बीम ज्यांच्या लूमवर चढला होता ते मुस्तकीम चाचा माझ्याकडे आले. चाचा आझमगढचे, तीस वर्षं इथे लूम चालवतात. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "तेरे बीम में तार कम है, गाँठ ज़्यादा है. आधा दिन लूम खड़ा रहता है."

संध्याकाळी शेठनी मला ऑफिसात बोलावलं. काळूराम बाजूला उभा होताच. केसरीनाथ शेठ इथलेच, खाडीकाठचे. जमीन होती, तिच्यावर शेड बांधली, शेडमध्ये लूम घातले. बोलायला गोड माणूस.

"माधवी, तुजा हात चांगला हाय," ते म्हणाले. "पन पॉलिस्टरला बाईचा हात चालत न्हाय, असा काळूराम बोलतो. मी काय बोलत न्हाय. शनवारपर्यंत एक बीम नीट उतरव. न्हाय उतरला तर सोमवारपासून पूर्ण्याचा हितेश येल मशीनवर. तू कांडीला जा. कांडी काय वाईट हाय?"

मला राग आला की माझा आवाज बारीक होतो. "नीट उतरवते," मी म्हणाले. कसं ते मला ठाऊक नव्हतं. पण कांडीवर परत जायचं नाही, एवढं ऑफिसच्या उंबऱ्यावरच ठरवून टाकलं.

बुधवारी अकराच्या सुमारास लाइट गेली. भिवंडीत लाइट गेली की सगळे लूम एकदम गप्प होतात आणि आपल्याला कान आहेत हे पहिल्यांदा कळतं. रस्त्यावरची रिक्षा ऐकू येते. कुणीतरी शिंकलेलं ऐकू येतं. माझं मशीन गरगरत मंदावलं आणि थांबलं. एक तार तुटलेली होती, ती बांधून घ्यावी म्हणून मी हँडलला हात लावला.

टच्!

मी हात मागे घेतला आणि तशीच उभी राहिले. लाइट नव्हती. पंखा बंद, बल्ब बंद, अख्खी शेड बंद. मग करंट आला कुठून?

मी जाऊन मशीनचा मेन स्विचसुद्धा खाली ओढला. परत आले, तारांच्या पट्टीजवळ उघडा हात नेला. हातावरचे सगळे केस उभे राहिले. ड्रमच्या कडेला पॉलिस्टरचे दोन तुसे पडले होते. मी फुंकर मारून एकाला दुसऱ्याजवळ सरकवलं. जवळ जाताच तो टुणकन उलटा उडाला, आणि लांब गेला तरी थांबेना.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. मी बारावी सायन्सला होते. एका विषयात राहिले, फिजिक्समध्ये, आणि त्याच वर्षी लग्न झालं. आठवीपर्यंत सायन्सची गोडी होती, कारण मराठीत होतं. स्थितिक विद्युत, कंगवा आणि कागदाचे कपटे, सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात. पुढे तेच इंग्रजीत आलं आणि माझ्या डोक्यात जाईना. पण आता माझ्यासमोर तीनशे तारा एकमेकींना दूर लोटत होत्या. फणीच्या दातांवर घासून घासून सगळ्यांवर एकाच जातीचा प्रभार चढला होता. त्यांना एकमेकींचं तोंड बघायचं नव्हतं, आणि मी त्यांना जबरदस्तीने एका पट्टीत बसवत होते.

हा करंट नव्हताच. करंट म्हणजे वाहणारी वीज. ही वाहत नव्हती. ही बसून होती. तिला जायला वाट हवी होती, आणि आम्ही काय केलं? मशीनखाली रबर, माझ्या पायांखाली रबर, अर्थिंग तोडलेलं. घरात पाहुणा नको म्हणायचं आणि बाहेरून कडी घालायची, अशातली गत. मी एकटीच मोठ्याने हसले. शेड गप्प असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय झाला गो?" धोंडूमावशीने तिकडून विचारलं.

"मावशी, करंट नाहीय हा," मी ओरडले. "बसलेली वीज आहे."

"बसली हाय तर उठव तिला," मावशी म्हणाली आणि कांडीकडे वळली.

लाइट यायच्या आत मी रबर गुंडाळायला लागले, तर काळूराम धावत आला. "हात नको लावू त्याला! मेलीस तर जबाबदारी माझी हाय!" त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती, म्हणून मी भांडले नाही. त्याचंही बरोबरच होतं. खरा करंट मशीनमध्ये उतरला असता तर त्या रबरानेच मला वाचवलं असतं. म्हणून आधी अर्थिंग जोडू, मग रबर काढू, असं मी त्याला म्हणाले. त्याने रघूला बोलावलं, मुख्य म्हणजे मला गप्प करायला.

रघू आला. मी त्याला काही शिकवायला गेले नाही. एवढंच म्हणाले, "रघूभाऊ, मेन बंद आहे ना बघा."

त्याने बघितलं. बंद होता.

"आता टेस्टर तारांना लावा. मशीनला नाही, तारांना."

धाग्याला टेस्टर लावायचा म्हटल्यावर तो हसला. लावला. टेस्टरमधला दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. रघू हसायचा थांबला. त्याने पुढच्या तारांना लावला, परत लुकलुक. मग तो स्वतः जाऊन मेन स्विच पुन्हा बघून आला, पेटीचं झाकण उघडून आतली वायरसुद्धा बघितली.

"आयला," तो म्हणाला. "धाग्यात लाइट?"

"लाइट नाही. घासून घासून साठलेली आहे. तिला जमिनीत जायला वाट द्या."

रघूचा एक गुण सांगायला हवा. चुकलं म्हणून तो रुसून बसला नाही. त्याने अर्थिंगची वायर परत जोडली, टायरचे तुकडे काढले आणि शेडच्या मागचा अर्थिंगचा खड्डा उघडला. आतली माती, मीठ, कोळसा, सगळं वाळून ठणठणीत झालं होतं. धोंडूमावशीने आणि मी चार बादल्या पाणी ओतलं. माती चरचरत पाणी पीत राहिली. मग मी रबर उचललं आणि काळूरामच्या देखत हँडलला हात लावला.

काही झालं नाही. पुन्हा लावला. काही नाही. पाचव्यांदा मी हँडलला चांगला पंजा मारला, तेव्हा काळूराम म्हणाला, "पुरे आता, मशीन पाडशील."

झटके गेले. लाइट आल्यावर मशीन चालवलं, तर तारा मात्र तशाच फटकून चालत होत्या. कारण सोपं होतं. लोखंडातून वीज वाहून जाते, पॉलिस्टरमधून जात नाही. जिथे चढली तिथेच ती चिकटून बसते. मशीनला वाट मिळाली होती, तारांना मिळाली नव्हती. शनिवार तीन दिवसांवर होता.

घरी आल्यावर मी धनेशला सगळं सांगितलं. माझा नवरा दापोड्याच्या गोदामात माल चढवतो. तो म्हणाला, "आमच्याकडे पण होतं. खोक्यांना प्लॅस्टिक गुंडाळतो ना, तेव्हा चावतं. आम्ही त्याला प्लॅस्टिकचा चावा म्हणतो."

"मग तुम्ही काय करता?"

"शिव्या देतो."

मी त्याच्याकडे जुनी वायर मागितली, आत बारीक तांब्याच्या केसांचा जुडगा असतो ती. शाळेच्या गच्चीवर तडितवाहक होता. त्याला टोकं का असतात, हे आठवीच्या बाईंनी सांगितलं होतं: प्रभार टोकाशी दाटतो आणि टोकाजवळची हवाच त्याला वाट करून देते. स्पर्शसुद्धा लागत नाही. मग तारांच्या अगदी जवळ, पण त्यांना न शिवता, तांब्याची शेकडो टोकं धरली आणि त्यांना अर्थिंगला जोडलं तर? धनेश वायर सोलत बसला, मी तांब्याचे केस एका लाकडी पट्टीवर ओळीने बांधत बसले. आमच्या घरात स्वयंपाकाशिवाय दुसरं काही मी आणि तो एकत्र बसून करतोय, असं बऱ्याच दिवसांनी झालं.

"तू बारावी नापास ना गं?" तो मधेच म्हणाला.

"एका विषयात."

"हाच ना तो विषय?"

मी पक्कड त्याच्या दिशेने उगारली. तो हसला आणि पुढची वायर सोलायला घेतली.

गुरुवारी सकाळी मी तो तांब्याचा ब्रश मशीनवर बांधला. कुठे? ड्रमच्या अगदी अलीकडे, जिथे तारा सगळ्यात जास्त पसरलेल्या दिसायच्या. जिथे दुखतंय तिथे मलम. रघूने त्याची वायर अर्थिंगला जोडून दिली. बाया कांडी सोडून जमल्या. मी बटण दाबलं.

पट्टी अकरा बोटांची दहा बोटं झाली. बस. दहा मिनिटांत चार तारा तुटल्या.

काळूराम ब्रशकडे बघत म्हणाला, "मशीनला शेंडी लावलीस काय गं? का आमाला?"

सगळे हसले. धोंडूमावशीसुद्धा हसली. मी पाठ फिरवून तुटलेलं टोक शोधायला लागले. मी दिवसभर गाठी मारत राहिले आणि मनात म्हणत राहिले की उद्या एक दिवस आहे. शुक्रवार माझा आहे. शुक्रवारी संध्याकाळी हार मानायची की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी बघू.

शुक्रवारी मी शिफ्टच्या आधी तासभर गेले. मशीन अगदी हळू चालवलं आणि बॉबिनपासून ड्रमपर्यंत तारांच्या बरोबरीने चालत गेले, परत आले, परत गेले. फणीच्या तोंडाशी तारा एकमेकींना खेटून असतात. तिथे त्या वाकत नाहीत, फुगत नाहीत, अगदी शहाण्या दिसतात. पसरतात त्या पुढे. मग बुधवारचा तो तुसा आठवला. टुणकन उडाला आणि लांब गेला तरी थांबला नाही.

आणि मला बारावीचा पेपर आठवला. प्रश्न अगदी हाच होता. सारख्या प्रभाराचे दोन गोळे जवळ धरून सोडले तर त्यांच्या वेगाचं काय होईल? मी लिहिलं होतं की लांब जाताना त्यांच्यातला जोर कमी होतो, म्हणून वेगही कमी होतो. लाल पेनाने फुली. सर म्हणाले होते, "अगं, जोर कमी झाला म्हणून काय झालं? ढकलणं चालूच आहे ना! वेग वाढतच जाणार. जवळ असताना जी ऊर्जा साठलेली होती, तीच सगळी धावण्यात येते." तेव्हा मी मान डोलावली होती आणि मला काडीचंही कळलं नव्हतं. चौदा वर्षांनी, कारखान्यात, फणीसमोर उभं राहून कळलं.

ड्रमजवळ मी ज्यांच्यावर ब्रश धरला होता, त्या तारा आधीच धावत सुटलेल्या होत्या. भांडण झाल्यावर मी सोडवायला गेले होते. ऊर्जा साठलेली होती ती फणीच्या तोंडाशी, जिथे सगळ्या खेटून शहाण्यासारख्या दिसत होत्या. काढून घ्यायची तर तिथेच, एकमेकींना लोटायला लागायच्या आत.

मी ब्रश सोडला आणि फणीच्या लगेच पुढे, तारांच्या वर अर्ध्या बोटावर बांधला.  शिफ्ट सुरू झाली. काळूराम आला आणि ब्रशकडे बघत उभा राहिला.

बटण दाबलं. तारा निघाल्या. मी ड्रमजवळ जाऊन पट्टीवर बोटं ठेवून मोजली. एक, दोन, तीन... आठ. आठ आणि थोडंसं. मी पुन्हा मोजली. मग मी मशीनचा वेग वाढवला, आणखी वाढवला, सुती मालावर चालवते तितका केला. तीनशे तारा मुकाट शेजारी शेजारी चालत होत्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, कारण हात कामात होते.

शनिवारी दुपारी बीम उतरला. अख्ख्या बीमला नऊच तारा तुटल्या. सुती मालालासुद्धा कधी कधी याच्याहून जास्त तुटतात. मुस्तकीम चाचा बीमभोवती फिरले, दोन्ही कडा बोटांनी दाबून बघितल्या, वाकून एकेक पट्टी निरखली. "माशाल्ला," एवढंच म्हणाले. पण मान किती वेळ हलवत होते.

तेवढ्यात शेठ आले. त्यांच्याबरोबर एक तरुण होता, खांद्यावर बॅग. मला सांगायची गरज नव्हती. तो हितेश.

शेठनी बीम बघितला, खूश झाले. रघूला शाबासकी दिली. रघूने बिचाऱ्याने लगेच सांगितलं की डोकं वहिनींचं आहे. शेठनी मलाही शाबासकी दिली. मग काळूराम म्हणाला, "शेठ, मशीन आता नीट झाली. आता ती कोनी पन चालवल."

"तेच बोलतो मी," शेठ म्हणाले. "माधवी, तू चांगला काम केलास. पन हितेश आलाच हाय आता. त्याला घरून बोलावलाय, परत कसा धाडू? तू कांडीला जा. काय लागला तर तुला बोलवू न्हाय का मशीन बगायला."

मी काही ठरवून केलं नाही, हे खरं सांगते. माझा आवाज बारीक झाला, मग नाहीसाच झाला. मी मशीनजवळ गेले. पुढच्या बीमच्या तारा फणीतून ओवून ड्रमला बांधून ठेवलेल्या होत्या. मी ब्रशची सुतळी सोडली, रघूकडे बघितलं. त्याने मुकाट्याने ब्रशची अर्थिंगची वायर सोडवून दिली. ब्रश हातात घेऊन मी हितेशला म्हणाले, "भाऊ, चालवा."

हितेशने शेठकडे बघितलं. शेठनी मान हलवली. त्याने बटण दाबलं.

पहिले दोन-तीन फेरे काही झालं नाही. मग पट्टी फुलायला लागली. नऊ बोटं, दहा, अकरा. कडेच्या तारा बाहेर पडल्या, टक् करून एक तुटली, तिचं टोक हवेत उभं राहिलं आणि थेट हितेशच्या मनगटाला येऊन चिकटलं. त्याने हात झटकला. टक्, दुसरी. टक्, तिसरी. हितेशने मशीन बंद केलं आणि दोन पावलं मागे सरला.

"शेठ, हा आपल्याच्यानं न्हाय होनार," तो म्हणाला.

"ब्रश लाव तो," काळूराम माझ्यावर खेकसला.

"मशीन शेठचं आहे," मी म्हणाले. आवाज परत आला होता आणि बारीक नव्हता. "ब्रश माझा आहे. माझ्या घरची वायर, माझ्या घरचं लाकूड. तो कुठे बांधायचा, किती उंच, ते मला माहीत आहे. मशीन नीट झालेलं नाही, मुकादम. ते बिघडलेलंच नव्हतं. ते मला येतं, एवढंच."

 बाया उभ्या होत्या, धोंडूमावशी सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून.  यातून मी कांडीवरूनसुद्धा जाऊ शकत होते, हे मला कळत होतं. तरी मी ब्रश खाली ठेवला नाही.

"सेठ," मुस्तकीम चाचा म्हणाले, "मुझे तो इसी के हाथ का बीम चाहिए."

शेठनी हितेशच्या बॅगकडे बघितलं, तुटलेल्या तारांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लाव गो त्यो परत," ते म्हणाले.

मी हलले नाही. "कोणाच्या मशीनला लावू, शेठ?"

शेठनी हितेशला बॅग उचलायची खूण केली. मग त्यांनी हात झटकला आणि ऑफिसकडे वळता वळता म्हणाले, "तुज्या."